चूल, मूल आणि मुसल्ला

मराठीत ‘चूल आणि मूल’ हे दोन शब्द एकत्र आले की त्यांच्यामागे बहुधा एक सुस्कारा ऐकू येतो. बाईचे आयुष्य एवढ्यातच संपले, असा त्या सुस्काऱ्याचा अर्थ असतो. या दोन शब्दांशेजारी तिसरा शब्द ठेवून वाचकांपुढे एक प्रश्न मांडायचा आहे. तो शब्द म्हणजे मुसल्ला. घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे, स्वयंपाकघरातली शेगडी दिवसभर विझत नाही, आणि मुसल्ला अंथरला जातो तोही घाईघाईने, एक कान मुलाकडे ठेवून. अशा घरातील आईच्या दीनचे काय होते?

प्रश्न कल्पनेतला नाही. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांपैकी कोणत्याही गावातील आपल्या मोहल्ल्यात जा आणि एखाद्या तरुण आईला विश्वासात घेऊन विचारा. लग्नापूर्वी फजरनंतर तिलावत चुकत नसे. आता कुरआनमधली खूण कित्येक महिन्यांपासून त्याच पाऱ्यात आहे. मूल अंगावर पीत असल्याने रमजानचे काही रोजे सुटले, त्यांची कजा बाकी आहे. तरावीहचे तर नावच नको. सज्द्यात गेले की मूल पाठीवर चढते आणि किती रकात झाल्या याचा हिशेब चुकतो. हे सारे सांगून झाल्यावर ती जरा संकोचून आणखी एक गोष्ट सांगते. ती म्हणते की इतकी आनंदी ती आयुष्यात कधी नव्हती. तव्यावर भाकरी फुगली की मूल टाळ्या पिटते, वरणभाताचा घास तोंडात ठेवला की डोळे मिटून हसते, ‘पाणी’ला ‘मम’ म्हणते, आणि या क्षुल्लक गोष्टींनी तिचा दिवस भरून जातो. आणि नेमका हाच आनंद तिला टोचतो. इबादत कमी झाली आणि आनंद मात्र वाढला, ही गफलत तर नव्हे?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर कठोर आहे. संसार हा दुनियेचा भाग आहे, मुले ही कसोटी आहे, तेव्हा घरकाम उरकावे आणि मुसल्ल्याकडे धाव घ्यावी. या उत्तराला आधार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. सूरह अल-मुनाफिकूनच्या नवव्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की संपत्ती आणि संतती यांनी तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून विचलित करू नये. सूरह अत-तगाबुनमध्ये (64:15) धन आणि मुले यांना कसोटी म्हटले आहे. दुसरे उत्तर गोड आहे आणि आजकाल मोबाइलवर सकाळी-सकाळी येणाऱ्या संदेशांत तेच अधिक असते. आईचे सगळेच काम इबादत आहे, भाकरी थापणेही इबादत, लंगोट धुणेही इबादत, म्हणून बहिणींनो आनंदात राहा. या दुसऱ्या उत्तराकडे मी नंतर वळेन. ते वरवर जितके निरुपद्रवी दिसते तितके नाही.

आधी हजरत हन्जला (रजि.) यांचा प्रसंग पाहू. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या लेखनिकांपैकी होते. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आला आहे. एकदा ते हजरत अबू बकर (रजि.) यांना भेटले आणि म्हणाले की मी तर मुनाफिक झालो. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले ते असे: आम्ही प्रेषितांच्या सहवासात असतो, स्वर्ग आणि नरक यांचे वर्णन ऐकतो, तेव्हा ते जणू डोळ्यांसमोर दिसतात, मग घरी येतो, बायकामुलांत आणि शेतीवाडीच्या कामांत गुंततो आणि त्यातले पुष्कळसे विसरून जातो. हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्यांची समजूत घातली नाही. आपलीही हीच अवस्था आहे, असे ते म्हणाले. मग दोघे प्रेषितांकडे गेले. प्रेषितांच्या उत्तराचा आशय असा की, माझ्याजवळ असताना तुमची जी अवस्था असते ती अखंड टिकली, तर फरिश्ते तुमच्या अंथरुणांवर आणि रस्त्यांत येऊन तुमच्याशी हस्तांदोलन करतील. परंतु एक वेळ अशी असते आणि एक वेळ तशी असते. हे त्यांनी तीनदा सांगितले.

या उत्तरावर थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपण ते फार घाईने ओलांडतो. हन्जला (रजि.) यांनी बायकामुलांत रमण्याला निफाक म्हटले होते. प्रेषितांनी तो आरोप मान्य केला नाही. पण त्याचबरोबर, ‘तुमचे घरी रमणे हीच इबादत आहे’ असेही ते या ठिकाणी म्हणाले नाहीत. त्यांनी माणसाच्या घडणीची वस्तुस्थिती सांगितली. माणूस फरिश्ता नाही. त्याच्या अंतःकरणाला दोन वेळा आहेत, आणि दुसरी वेळ ही पहिलीचा ऱ्हास नव्हे. आपल्या तरुण आईला हवे आहे ते बहुधा हेच. तिच्या आनंदाला मुसल्ल्यावर बसवण्याची गरज नाही. तो आनंद जिथे आहे तिथे, पिठाच्या परातीशेजारी, वैध आहे.

आणि त्या दोन वेळा एकमेकींत मिसळल्या तर? प्रेषितांच्या चरित्रात त्या मिसळलेल्या दिसतात. आपली नात उमामा (रजि.) हिला उचलून घेऊन त्यांनी नमाज पढविली, सज्द्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलत. हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. नमाज लांबवण्याचा विचार असताना मागच्या सफांतून एखाद्या मुलाचे रडणे ऐकू आले, तर त्याच्या आईची तगमग ओळखून ते नमाज आटोपती घेत. एकदा नातू पाठीवर चढला म्हणून त्यांनी सज्दा इतका लांबवला की मागच्या लोकांना शंका आली. पाठीवरच्या मुलामुळे नमाज बिघडली म्हणून खंतावणाऱ्या आईने हे प्रसंग पुन्हा वाचावेत. आणि मशिदीत एखादे लहान मूल खिदळले की मान वळवून डोळे वटारणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनीही.

आता चुलीकडे येऊ. सूरह अबसमध्ये (80:24) माणसाला आपल्या अन्नाकडे पाहण्यास सांगितले आहे, आणि पुढे पाऊस, दुभंगणारी जमीन, धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून, खजूर, गर्द बागा असे सारे एकामागून एक डोळ्यांपुढे उभे केले आहे. पाहा, असा हा आदेश. आपल्यापैकी किती जण ताटाकडे पाहतात? जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत राहणाऱ्याला तर त्यासाठी लांब जावे लागत नाही. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या उतारांवर भात, नाचणी आणि वरई, पूर्वेकडे बाजरी, कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या, मंचरच्या बाजारात कांदा-बटाटा. जो टोमॅटो 2023 च्या जुलैमध्ये एवढा महागला की क्रेटमागे दोन हजारांहून अधिक भाव मिळाला, तोच टोमॅटो दुसऱ्या एखाद्या हंगामात तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून रस्त्याकडेला ओतलेला आपण पाहिला आहे. रोजी अल्लाहच्या हाती आहे, हे वाक्य ज्यांना पोथीतले वाटते त्यांनी एखादा हंगाम नारायणगावात काढावा.

पण ताटाकडे खऱ्या अर्थाने पाहते ते घरातले सर्वांत लहान मूल. ते वाफेकडे पाहते. मुठीत भात दाबून बोटांच्या फटींतून तो बाहेर येताना पाहते. वाटाणा सोलताना एक दाणा निसटून परातीखाली गेला तर सगळे काम थांबवून त्याचा शोध घेते. मासवडीसाठी तीळ आणि सुके खोबरे भाजायला घेतले की वासाच्या दिशेने रांगत येते. (नावात मासा असून मासा नसलेला आपल्या जुन्नरकडचा हा पदार्थ, बेसनाच्या पोळीत सारण गुंडाळून केलेल्या त्या वड्या लहानांना तिखट लागतात, पण गुंडाळी होताना पाहणे त्यांना फुकट.) आपण ज्याला मुलाचा पसारा म्हणतो ते सूरह अबसमधील त्या आयतीचे अजाणतेपणी केलेले पालन आहे, असे म्हटले तर फार ताणल्यासारखे होईल काय? मूल मुकल्लफ नाही, त्याच्यावर कोणताही आदेश लागू नाही, हे खरे. परंतु त्याच्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसावर तो लागू आहे, आणि मुलाच्या नजरेबरोबर त्याचीही नजर त्या दाण्याकडे वळते. भाकरी फुगते हे आईने हजारो वेळा पाहिले आहे; टाळी वाजली म्हणून तिला ती पुन्हा दिसते. ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा शब्द ओठांवर नेहमीच असतो. त्यामागे खरोखर काहीतरी दिसलेले असणे दुर्मिळ. या दोन वर्षांत ते रोज दिसते.

म्हणून एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे, आणि ती इथे नोंदवणे भाग आहे. मूल लवकर जेवावे म्हणून त्याच्यापुढे मोबाइल धरण्याची रीत आता शहरांपुरती उरलेली नाही. वाडीवस्तीवरही ती पोहोचली आहे. चित्रे हलतात, तोंड आपोआप उघडते, घास आत जातो. पोट भरते, पण मुलाने अन्न पाहिलेले नसते आणि आईने मूल पाहिलेले नसते. दमलेल्या बाईला याबद्दल बोल लावणे सोपे आहे, आणि मी तो लावू इच्छित नाही. तिच्या हाती मोबाइल का आला, इतर हात त्या वेळी कुठे होते, हे विचारले पाहिजे. ते पुढे येतेच आहे.

खाण्याच्या शिकवणुकीविषयी दोन प्रसंग आपल्याला ठाऊक असतात. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) हे प्रेषितांच्या घरात वाढत होते. लहानपणी त्यांचा हात ताटात सगळीकडे फिरे. प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खाण्यास सांगितले. एवढेच. मोठेपणी ते सांगत की तेव्हापासून माझी खाण्याची पद्धत तीच राहिली. दुसरा प्रसंग नातू हसन (रजि.) यांचा. त्यांनी सदक्याच्या खजुरांपैकी एक तोंडात टाकला, तेव्हा प्रेषितांनी तो ताबडतोब थुंकायला लावला, कारण त्यांच्या कुटुंबाला सदका निषिद्ध होता. इथे लाड नाहीत. मूल अजाण आहे म्हणून हलाल-हरामची रेघ पुसट केली नाही.

परंतु त्यांच्या शेजारी तिसरा प्रसंग ठेवावा असे मला वाटते, आणि मुलांना भरवण्याच्या संदर्भात तो फारसा कोणी सांगत नाही. एकदा प्रेषितांपुढे भाजलेली घोरपडीसारखी वाळवंटी सरड्याची जात वाढण्यात आली. त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले की हे हराम आहे काय? उत्तर आले की नाही; पण आपल्या लोकांच्या प्रदेशात हे नसते, म्हणून मनाला रुचत नाही. खालिद (रजि.) यांनी ते पुढे ओढून खाल्ले आणि प्रेषित पाहत राहिले. हराम नसलेले अन्नही एखाद्याला नको वाटू शकते, आणि ते नको म्हणणे हा अन्नाचा अपमान नव्हे. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. दोन वर्षांचे मूल गवारीची भाजी तोंडातून बाहेर काढते तेव्हा घरातली चार माणसे त्याच्यावर तुटून पडतात. कोणी नाक दाबते, कोणी भीती घालते. ज्या अन्नासाठी शुक्र शिकवायचा, त्याच अन्नाची दहशत मुलाच्या मनात बसते. आणि त्याच घरातला कर्ता पुरुष कालवणात मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवत असेल, तर त्या मुलाने सुन्नत कोणाकडून शिकावी?

इथे ते दुसरे, गोड उत्तर समोर येते. घरकाम ही इबादत आहे. मान्य. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांनी सांगितले होते की अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचेसुद्धा. इमाम गजाली यांनी ‘इहया’मधील विवाहाच्या प्रकरणात कुटुंबाचा भार सोसण्याला आत्मसंयमाची तालीम म्हटले आहे. पण वाचकहो, जरा लक्ष द्या: सअद (रजि.) यांना सांगितलेला तो घास पतीने भरवायचा आहे, आणि इमाम गजाली लिहितात ते मुख्यतः पुरुषाला उद्देशून. आपण मात्र ही सारी वचने उचलून केवळ बाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. इबादत जर एवढी स्वस्त आणि एवढी मोठी असेल, तर घरातल्या पुरुषांना तिची हाव का सुटत नाही?

एखाद्याच्या कष्टाला पवित्र म्हणणे आणि त्या कष्टातला आपला वाटा उचलणे यांत फार मोठे अंतर आहे. पवित्र म्हणणे फुकटचे असते. आणि ते म्हटले की समोरच्या व्यक्तीला तक्रारही करता येत नाही. तक्रार केली तर ती जणू इबादतीविरुद्ध तक्रार ठरते. दमलेल्या आईचे तोंड बंद करण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा नसेल.

कुरआनने तिचे तोंड बंद केलेले नाही. सूरह अल-बकराची 233 वी आयत नेमकी याच दोन वर्षांविषयी आहे. ज्यांना मुदत पूर्ण करावयाची असेल त्यांच्यासाठी दूध पाजण्याची पूर्ण दोन वर्षे, आणि त्या काळात आईचे अन्नवस्त्र रीतीप्रमाणे पित्याच्या जबाबदारीवर. कोणावरही कुवतीपलीकडे भार टाकू नये. मुलावरून आईलाही त्रास देऊ नये आणि पित्यालाही नाही. आणि मुलाचे दूध तोडायचे असेल तर ते दोघांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने. (जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवण्याची शिफारस करते. कुरआनला त्या शिफारशीच्या दाखल्याची गरज नाही. मात्र अंगणवाडीताई हेच सांगते तेव्हा तिचे ऐकावे, एवढ्यासाठी ही नोंद. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, हे डॉक्टरांचे सांगणेही ऐकावे. तहनीक खजुराने होते.) एका तान्ह्याचे दूध तोडणे ही घरातली किती किरकोळ बाब! तिथेही सल्लामसलत सांगितली आहे. मग कोणी किती वाजता उठायचे, भाकऱ्या कोणी थापायच्या, मूल कोणी भरवायचे, यावर बोलणे हे कोणत्या तोंडाने उद्धटपणाचे ठरवायचे?

फिकहमध्येही हा विषय आपल्या समजुतीइतका सरळ नाही. शाफई आणि हंबली पंथांच्या बहुतेक विद्वानांच्या मते स्वयंपाक आणि घरकाम हे पत्नीचे विवाहातून आलेले कायदेशीर कर्तव्य नाही. हनफी विद्वान ते तिचे नैतिक कर्तव्य मानतात, पण काजीने सक्तीने करून घ्यावे असे नव्हे. इब्ने तैमिया आणि इब्ने कय्यिम रीतिरिवाजानुसार ते तिच्यावर आहे असे म्हणतात. या मतभेदाचा निकाल लावणे माझे काम नाही. पण एवढे दिसते की जे काम ती करते त्यातला मोठा वाटा हा तिचा एहसान आहे, आणि एहसानाची परतफेड काय असावी हे सूरह अर-रहमान वाचणाऱ्याला सांगावे लागू नये.

हजरत फातिमा (रजि.) यांचा प्रसंग इथे हमखास पुढे केला जातो. जात्याने हातांना घट्टे पडले म्हणून त्या पित्याकडे सेवक मागायला गेल्या आणि त्यांना सेवकाऐवजी 33, 33 आणि 34 वेळा करावयाची तस्बीह मिळाली. म्हणून, बायांनो, तस्बीह पढा आणि गप्प राहा, असा त्याचा सारांश सांगितला जातो. परंतु प्रसंग पूर्ण वाचावा. प्रेषित रात्री स्वतः त्यांच्या घरी आले, पतिपत्नीच्या मध्ये बसले आणि ती तस्बीह त्यांनी दोघांना शिकवली. एका वर्णनात हजरत अली (रजि.) हेही पाणी ओढून छाती दुखल्याचे सांगतात, म्हणजे त्या घरात जाते एकीकडे आणि मोट दुसरीकडे होती. सेवक न देण्याचे कारणही त्याच वर्णनात आहे: सुफ्फावरचे उपाशी लोक. आमच्या घरांत मात्र एकाच्या हाताला घट्टे आणि दुसऱ्याच्या हाती रिमोट असतो, आणि तस्बीहची आठवण पहिल्यालाच करून दिली जाते. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित घरात काय करीत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. तरुण आईने विचारलेल्या दोन वेळा इथे पुन्हा आल्या, फक्त या वेळी त्या एका पुरुषाच्या दिवसात आल्या आहेत.

आतापर्यंत ज्या आनंदाबद्दल लिहिले तो निवांतपणा मागतो, आणि निवांतपणा सर्वांना नसतो, हे विसरून चालणार नाही. कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत, टोमॅटोच्या तोडणीत आपल्याच वस्तीतल्या अनेक बाया दिवस उजाडताच मजुरीला जातात. मूल बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत. भाकरी फडक्यात. तिच्या मुलालाही वाफ पाहायची असते. ज्यांच्या शेतावर अशा मजूर बाया येतात त्यांच्यापैकी काही जण या मासिकाचे वाचक आहेत. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण त्यांना पाठ असेलच. मूल अंगावर पाजायला मिळालेली अर्धी घटका तिच्या मजुरीतून कापली जाते की नाही, हे त्यांनी आज संध्याकाळी तपासून पाहावे.

संध्याकाळ म्हटली की या भागात दुसरी एक गोष्ट येते. उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात, तिथेच वितात. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्या परिचयाचे आहे. अंगणात खेळणारे मूल बिबट्याने उचलून नेल्याच्या घटना या तालुक्यांत घडल्या आहेत, आणि ज्या आईबापांवर तो प्रसंग आला त्यांच्यासमोर घरगुती आनंदाची चर्चा करण्याचे धाडस कोणी करू नये. दिवस कलला की बाया मुलांना हाका मारतात, दारे लागतात. प्रेषितांनीही अंधार पडू लागला की मुलांना घरात घ्यावे, अल्लाहचे नाव घेऊन दार लावावे, भांडी झाकावीत असे सांगितले आहे. त्या हदीसमध्ये कारण सैतानांच्या संचाराचे आहे, बिबट्याचे नाही. ओढूनताणून नाते जोडण्याचे कारण नाही. पण वस्तीवरच्या घरात दार लावून, आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवून मूल मांडीवर घेतलेली बाई जेव्हा मगरिबनंतर सूरह कुरैश पढते, तेव्हा तिला त्या सूरहच्या शेवटच्या आयतीचा तर्जुमा वेगळा सांगावा लागत नाही. भुकेत अन्न आणि भीतीत अभय: या दोन देणग्या तिथे शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्हींसाठी इबादत मागितली आहे. तिच्या मांडीवर या क्षणी त्या दोन्ही आहेत.

हा आनंद टिकणारा नाही, म्हणून तो हलका मानावा, असेही कोणी म्हणेल. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कारभार घोडेगावहून चालतो. तिथल्या चुलींचे काय राहिले? पण त्या चुलींवर शिजलेले अन्न ज्यांनी खाल्ले ती मुले मोठी झाली, त्यांची हाडे त्या अन्नाची आहेत. क्षणिक असणे आणि व्यर्थ असणे या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो. सूरह अल-कहफमध्ये (18:46) संपत्ती आणि संततीला ऐहिक जीवनाची शोभा म्हटले आहे आणि टिकणारी सत्कृत्ये त्याहून श्रेष्ठ म्हटली आहेत. शोभा हा शब्द निंदेचा नाही. आणि जिने आज आपल्या वाटचा घास मुलाला दिला, तिचे ते देणे शोभेच्या खात्यात जाते की टिकणाऱ्या कृत्यांच्या, याचा हिशेब आपल्याकडे नाही.

तो कोणाकडे आहे, याविषयी हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. एक गरीब बाई आपल्या दोन लहान मुलींना घेऊन त्यांच्या दारी आली. त्यांनी तिला तीन खजूर दिले. बाईने एकेक खजूर दोन्ही मुलींना दिला आणि तिसरा स्वतः खाण्यासाठी तोंडाकडे नेला. मुलींनी तोही मागितला. तिने तो मध्ये दुभंगला आणि अर्धा-अर्धा त्यांना दिला. आयशा (रजि.) यांना हे फार विलक्षण वाटले. प्रेषित घरी आल्यावर त्यांनी ते सांगितले, आणि प्रेषितांनी सांगितले की त्या कृतीमुळे अल्लाहने त्या बाईसाठी स्वर्ग निश्चित केला. त्या बाईचे नाव त्या हदीसमध्ये आलेले नाही. त्या दिवशी तिने किती नफिल नमाज पढल्या होत्या, हेही नाही.